गॅडोलिनियमसाठी कार्बनचा पिंजरा

एमआरआय केंद्राच्या खिडकीवर दोन दर लावलेले असतात. एक 'प्लेन'चा आणि दुसरा, त्याहून जास्तीचा, 'कॉन्ट्रास्ट'चा. जालना, बीड, परभणीहून छत्रपती संभाजीनगरला तपासणीसाठी आलेल्या रुग्णाचा नातेवाईक डॉक्टरांची चिठ्ठी दाखवतो, जादा पैसे भरतो, संमतिपत्रावर सही करतो. तपासणी अर्धी झाली की रुग्णाच्या शिरेत दहा-बारा मिलिलिटर रंगहीन द्रव सोडला जातो आणि उरलेली छायाचित्रे घेतली जातात. त्या द्रवात काय होते, हे बहुधा कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. सीटी स्कॅनच्या वेळी देतात त्या आयोडीनच्या औषधाशी त्याची नेहमी गल्लत होते. प्रत्यक्षात ते अगदी वेगळे द्रव्य आहे. त्यात गॅडोलिनियम नावाचा एक धातू असतो, आणि तो मोकळा सुटला तर विषारी असतो.

हा धातू शरीरात सोडायचा, त्याच्याकडून काम करून घ्यायचे आणि तो मोकळा होऊ न देता बाहेर काढायचा, अशी ही तिहेरी कसरत आहे. गेली पंचवीस वर्षे जगभरातले अनेक संशोधक त्यासाठी कार्बनच्या अतिसूक्ष्म रूपांकडे आशेने पाहत आहेत. 'नॅनो' हा शब्द आला की आपल्याकडच्या बातम्यांत चमत्काराची भाषा सुरू होते. या विषयात चमत्कार नाही. एक चांगली कल्पना आहे, तिच्या पोटात एक अवघड पेच आहे, आणि तो पेच समजून घेण्यासारखा आहे.

पाण्याचे चित्र

आधी यंत्राविषयी. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. हे यंत्र मुख्यतः शरीरातल्या पाण्याचे, आणि काही प्रमाणात चरबीचे, चित्र काढते. आपल्या वजनापैकी निम्म्याहून अधिक वाटा पाण्याचा असतो. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात. हायड्रोजनचे अणुकेंद्र म्हणजे एक प्रोटॉन, आणि तो चिमुकल्या चुंबकासारखा वागतो. एरवी या चुंबकांची तोंडे वाटेल त्या दिशेला असतात. १.५ टेस्लाच्या यंत्रात, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीस हजारांहून अधिक पट प्रबळ क्षेत्रात, शरीर सरकवले की त्यांचा कल बदलतो. काही क्षेत्राच्या दिशेने वळतात, काही विरुद्ध. दोन्ही बाजूंची वजाबाकी केली तर दहा लाखांत जेमतेम पाच प्रोटॉन जादा उरतात. साऱ्या तपासणीचा डोलारा या पाचांवर उभा आहे. पाण्याच्या एका थेंबातच प्रोटॉनांची संख्या अफाट असल्यामुळे हे दहा लाखांत पाचही पुरतात.

मग यंत्र रेडिओलहर सोडते. तिची कंपने सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख, म्हणजे ६४ मेगाहर्ट्झ. आकाशवाणीच्या एफएम पट्ट्याच्या थोडी खाली. ही लहर पिऊन प्रोटॉन कलंडतात आणि ती थांबली की पुन्हा आपल्या जागी येऊ लागतात. जागेवर येण्याचा हा वेळ सगळीकडे सारखा नसतो. चरबीतल्या प्रोटॉनांना सेकंदाचा पाव-एक भाग लागतो, तर मेंदूभोवतीच्या पाणीदार द्रवातल्या प्रोटॉनांना काही सेकंद. यंत्र जर दर अर्ध्या सेकंदाला लहर सोडत राहिले, तर जे तोवर जागेवर आले त्यांचा संकेत जोरकस मिळतो आणि ते चित्रात पांढरे दिसतात. जे रेंगाळले ते काळे दिसतात. १९७३ साली अमेरिकेतल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात पॉल लॉटरबर यांनी या तत्त्वावर पहिले चित्र मिळवले. २००३ साली त्यांना इंग्लंडच्या पीटर मॅन्सफील्ड यांच्यासह नोबेल पुरस्कार मिळाला.

अडचण अशी की गाठीतले पाणी आणि शेजारच्या निरोगी भागातले पाणी कित्येकदा सारख्याच वेळात जागेवर येते. मग चित्रात दोन्ही एकाच राखाडी छटेत मिसळून जातात. आपल्याकडे मेंदूतली क्षयाची गाठ, मेंदूत शिरलेल्या पट्टकृमीच्या अळीची गाठ आणि कर्करोगाची गाठ यांत फरक करण्याची वेळ वारंवार येते. तिथे हा राखाडीपणा परवडत नाही. उपचार तिघांचे तीन तऱ्हांचे आहेत.

नऊ जागांपैकी एक

गॅडोलिनियम कामाला येतो तो इथे. त्याच्या आयनात जोडीविना असलेले सात इलेक्ट्रॉन असतात. एका इलेक्ट्रॉनचे चुंबकत्व प्रोटॉनच्या साडेसहाशे पटींहून अधिक. त्यामुळे पाण्याचा रेणू या आयनाला स्पर्शून गेला की त्यातले प्रोटॉन झटकन जागेवर येतात. जिथे गॅडोलिनियम पोहोचला तिथले पाणी चित्रात उजळते. यंत्राला धातू दिसत नाही, धातूने शेजारच्या पाण्यावर केलेला परिणाम दिसतो. निरोगी मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात की हे औषध त्यांतून बाहेर पडत नाही. गाठीभोवती त्या सैल झालेल्या असतात, म्हणून औषध तिथे पाझरते. क्षयाच्या गाठीभोवती उजळलेले कडे दिसते ते यामुळेच.

आता धोका. गॅडोलिनियमच्या आयनाचा आकार कॅल्शियमच्या आयनाएवढाच आहे. चेता, स्नायू, हृदय यांचा सारा व्यवहार कॅल्शियमच्या ये-जा करण्यावर चालतो. कॅल्शियमच्या वाटेत हा तोतया घुसला तर व्यवहार थांबतो. म्हणून त्याला मोकळा सोडता येत नाही. रसायनतज्ज्ञांनी त्याला एका सेंद्रिय रेणूच्या मिठीत दिले. गॅडोलिनियमभोवती शेजाऱ्यांना धरायच्या साधारण नऊ जागा असतात. हा रेणू त्यांपैकी आठ जागा अडवतो आणि एक मोकळी ठेवतो. त्या एका जागेवर पाण्याचा रेणू येतो, प्रभाव घेऊन जातो, दुसरा येतो. असे हे येणे-जाणे सेकंदात लाखो वेळा होते. सगळ्या जागा अडवल्या तर धातू सुरक्षित, पण फारसा उपयोगाचा नाही. जास्त जागा मोकळ्या ठेवल्या तर उपयोग वाढतो आणि पकड सैल होते. या तडजोडीवर आधारलेले पहिले औषध, मॅग्नेव्हिस्ट, १९८८ साली अमेरिकेत मंजूर झाले.

मात्रेचा हिशेब करू. नेहमीची मात्रा किलोमागे ०.१ मिलिमोल. साठ किलोच्या माणसाला ६ मिलिमोल, म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम गॅडोलिनियम. जड धातूच्या मानाने ही मात्रा लहान नाही. मूत्रपिंडे ठणठणीत असतील तर दर दीड-दोन तासांनी रक्तातले औषध निम्मे होते आणि एक-दोन दिवसांत जवळपास सगळे लघवीवाटे निघून जाते. मूत्रपिंडे निकामी असतील तर निम्मे व्हायलाच तीस तासांहून अधिक लागू शकतात. तेवढा वेळ ती मिठी टिकली पाहिजे.

सगळ्यांच्या बाबतीत ती टिकली नाही. १९९७ पासून अमेरिकेत डायलिसिसवरच्या काही रुग्णांची कातडी जाड आणि लाकडासारखी कडक होऊ लागली, सांधे आखडले, काहींचा मृत्यू झाला. कारण कळेना. २००६ साली ऑस्ट्रियातील मूत्रपिंडतज्ज्ञ थॉमस ग्रोबनर यांनी या आजाराचा संबंध एमआरआयच्या कॉन्ट्रास्टशी जोडून दाखवला. २००७ साली अमेरिकी औषध प्रशासनाने या औषधांच्या वेष्टनावर ठळक इशारा छापायला लावला. मूत्रपिंडाची तपासणी आधी करणे आणि सैल पकडीची औषधे टाळणे एवढ्यानेच नव्या रुग्णांची संख्या जवळजवळ शून्यावर आली. २०१४ साली जपानमधल्या डॉक्टरांनी दुसरी गोष्ट नोंदवली. ज्यांना अनेकदा कॉन्ट्रास्ट दिला गेला होता, त्यांच्या मेंदूतल्या दोन विशिष्ट भागांत औषध न देताही चित्र उजळ दिसत होते. पुढे शवविच्छेदनातून त्या जागी गॅडोलिनियम सापडले, तेही मूत्रपिंडे ठीक असलेल्यांत. या साठ्यामुळे मेंदूला इजा होते असे सिद्ध झालेले नाही. तरीही २०१७ साली युरोपच्या औषध नियामकाने सरळ साखळीच्या रेणूंत धरलेल्या गॅडोलिनियमच्या बहुतेक औषधांचा वापर थांबवला. कड्याच्या आकाराच्या रेणूंत धरलेली, अधिक घट्ट पकडीची औषधे चालू राहिली.

म्हणजे प्रश्न दोन आहेत. मात्रा कमी कशी करायची, आणि पकड घट्ट कशी करायची. कार्बनकडे पाहण्याचे कारण असे की एका कल्पनेत दोन्ही उत्तरे मिळतील असे वाटले.

काजळी, कापूर आणि पिंजरा

दिवाळीच्या पणतीवर वाटी उपडी धरली तर तिला काजळी धरते. शुद्ध कार्बनच्या जवळ जाणारी ही काळी पूड शतकानुशतके आपण डोळ्यांत घालत आलो. ती एकजिनसी नाही, हे १९८५ नंतर कळू लागले. त्या वर्षी अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना साठ कार्बन अणूंचा पोकळ, फुटबॉलच्या शिवणीसारखा गोळा सापडला. हे फुलरिन. १९९६ चे नोबेल त्यासाठीच. १९९१ साली जपानमध्ये सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या पोकळ नळ्या, म्हणजे नॅनोट्यूब, सूक्ष्मदर्शकात दाखवल्या. २००४ साली एका अणूएवढ्या जाडीचा कार्बनचा पापुद्रा, ग्राफीन, वेगळा झाला. त्याच वर्षी नॅनोट्यूब शुद्ध करताना प्रकाश देणारे कार्बनचे इवले कण, 'कार्बन डॉट', योगायोगाने हाती लागले. पुढे २००७ साली मेणबत्तीच्या काजळीतूनही असे कण वेगळे करून दाखवण्यात आले.

या इतिहासात महाराष्ट्राचे एक पान आहे आणि ते कापराचे आहे. पवईच्या आयआयटीत महेश्वर शेरॉन यांनी १९९० च्या दशकात कापरापासून कार्बनची नॅनोरूपे बनवण्याचे काम हाती घेतले. इतरत्र खनिज तेलातून मिळणारे वायू वापरले जात. शेरॉन यांचा विचार असा होता की वनस्पतीने आधीच रचून ठेवलेला कार्बनचा सांगाडा का वापरू नये? आरतीच्या ताटात कापूर राख न ठेवता जळतो. बंद भट्टीत, हवेशिवाय, लोखंडासारख्या धातूच्या सान्निध्यात त्याची वाफ तापवली तर मात्र कार्बन मागे उरतो, आणि तो नळ्यांच्या, मण्यांच्या रूपात उरतो. त्यांच्याबरोबर काम केलेले मुकुल कुमार हीच कापराची वाट घेऊन जपानमधल्या नागोया येथे गेले आणि योशिनोरी अँडो यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ती पद्धत चांगलीच पुढे नेली. शेरॉन यांनी नंतर डॉ. माधुरी शेरॉन यांच्यासोबत अंबरनाथ परिसरात नॅनोसंशोधनाचे केंद्र चालवले आणि वैद्यकीय उपयोगांकडेही लक्ष वळवले.

फुलरिनचा गोळा पोकळ असतो, तेव्हा त्याच्या आत गॅडोलिनियमचा अणू कोंडता येईल का? येतो. ब्याऐंशी कार्बनांच्या गोळ्यात तो कोंडला जातो आणि बाहेर पडायला वाटच नसते. गोळा पाण्यात मिसळावा म्हणून बाहेरून ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या चिकटवतात. धातूला पाणी प्रत्यक्ष शिवत नाही, तरी पिंजऱ्याच्या भिंतीमार्फत आणि त्या बाहेरच्या जोड्यांमार्फत परिणाम पोहोचतो. २००१ साली जपानी संशोधकांनी अशा द्रव्याचा प्रभाव मॅग्नेव्हिस्टच्या सुमारे वीस पट असल्याचे जाहीर केले.

२००५ साली राइस विद्यापीठातल्या लॉन विल्सन यांच्या गटाने दुसरी तऱ्हा मांडली. या कामात मूळचे भारतीय असलेले बालाजी सीतारामन पुढे होते. त्यांनी एकपदरी नॅनोट्यूब कापून फार आखूड, २० ते ८० नॅनोमीटर लांबीचे तुकडे केले. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. कापताना नळीच्या भिंतीला भोके पडतात, त्या जागी गॅडोलिनियमचे आयन लहान झुबक्यांनी जाऊन बसतात. या 'गॅडोनॅनोट्यूब'चा प्रभाव प्रचलित औषधाच्या सुमारे चाळीस पट भरला. आपल्या साठ किलोच्या माणसाचा हिशेब पुन्हा मांडला, तर एक ग्रॅमऐवजी पंचवीस मिलिग्रॅमच्या आसपास धातू पुरेल असा याचा अर्थ होतो.

प्रभाव इतका कशाने वाढतो? एक कारण गिरकीचे. नेहमीचे औषध हा लहान रेणू आहे. पाण्यात तो सेकंदात अब्जावधी वेळा गिरक्या घेतो. प्रोटॉनांची लय त्याच्याहून कितीतरी संथ, त्यामुळे दोघांचा मेळ बसत नाही. वेगाने फिरणाऱ्या पंख्याच्या पात्यांमधून हात मिळवण्यासारखे ते होते. मोठ्या, जड कणाला बांधलेला गॅडोलिनियम संथ फिरतो, मेळ बसतो आणि परिणाम वाढतो. २०१० साली अमेरिकेत नॅनोहिऱ्यांच्या कणांना गॅडोलिनियमचे रेणू बांधले, तेव्हाही प्रभाव दहापटींहून अधिक वाढला. मात्र नॅनोट्यूबच्या चाळीस पटींची उकल नुसत्या गिरकीने होत नाही. अरुंद जागेत कोंडलेले पाणी आणि आयनांचे झुबके यांचाही त्यात हात मानला जातो.

सीतारामन पुढे स्टोनी ब्रूकला गेले. तिथे त्यांच्या गटाने ग्राफीनवर काम केले आणि गॅडोलिनियमऐवजी मँगनीज घेतले. यातली एक गंमत सांगण्याजोगी आहे. ग्राफाइटचे पापुद्रे सुटे करण्याची हमर्स यांची १९५८ ची पद्धत पोटॅशियम परमँगनेटवर चालते. आपल्याकडे विहिरीत टाकतात ती जांभळी पूड. त्यातले थोडे मँगनीज पापुद्र्यांत अडकून राहते. एरवी अशुद्धी म्हणून धुऊन टाकायची गोष्ट, पण तीच चुंबकीय असल्याने चित्र उजळवायला उपयोगी ठरली. लॉटरबर यांनीही १९७० च्या दशकात, याच विद्यापीठात, मँगनीजचेच क्षार वापरून पाहिले होते. मँगनीज शरीराला थोड्या प्रमाणात लागतेच आणि यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकते, ही जमेची बाजू. जास्त झाले तर ते मेंदूत साठून कंपवातासारखी लक्षणे आणते, ही दुसरी बाजू. ग्लासगोच्या एका कारखान्यात मँगनीजचे खनिज दळणाऱ्या कामगारांत हा आजार १८३७ सालीच नोंदला गेला होता. मँगनीजच्या खाणींचा पट्टा आपल्या नागपूर-भंडारा भागातही आहे, तेव्हा ही गोष्ट आपल्यासाठी नुसती परदेशी नाही.

बाहेर पडायची वाट

इथवर वाचून वाटेल की प्रश्न सुटला. तो सुटलेला नाही. कार्बनच्या नॅनोरूपांवर आधारलेले एकही एमआरआय कॉन्ट्रास्ट औषध आजवर दवाखान्यात नेहमीच्या वापराला आलेले नाही. याला 'मोठ्या कंपन्यांचे कारस्थान' म्हणणे सोपे आहे, पण कारणे द्रव्याच्या स्वभावातच आहेत.

मूत्रपिंडाची गाळणी फार बारीक असते. साधारण साडेपाच नॅनोमीटरपेक्षा मोठा, टणक कण तिच्यातून जात नाही. वीस नॅनोमीटरची नळी किंवा त्याहून रुंद पापुद्रा रक्तात सोडला तर यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी त्याला गिळतात. नेहमीचे औषध एक-दोन दिवसांत जाते, हे मात्र आठवडे, महिने राहू शकते. ज्या मोठेपणामुळे गिरकी संथ झाली आणि प्रभाव वाढला, त्याच मोठेपणामुळे बाहेरची वाट बंद झाली.

दुसरी गोष्ट आकाराची. २००८ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवले की लांब, ताठ, बहुपदरी नॅनोट्यूब उंदरांच्या उदरपोकळीत सोडल्या तर तिथे ॲस्बेस्टॉससारखाच दाह आणि गाठी होतात. आखूड नळ्यांनी तसे केले नाही. २०१४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बहुपदरी नॅनोट्यूबच्या एका विशिष्ट प्रकाराला 'माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता' या वर्गात ठेवले. गॅडोनॅनोट्यूब आखूड आणि एकपदरी असतात, त्यामुळे हा ठपका त्यांना जसाच्या तसा लागू होत नाही. पण औषधाच्या प्रत्येक बाटलीत सगळ्या नळ्या आखूडच आहेत, हे सिद्ध करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर येते. साध्या औषधात प्रत्येक रेणू दुसऱ्यासारखाच असतो. नळ्यांच्या ढिगात प्रत्येकीची लांबी निराळी, भोके निराळी, आत अडकलेला धातू कमीजास्त. शिवाय नळ्या वाढवताना वापरलेले लोखंड, निकेल, कोबाल्ट यांचे अंशही मागे राहतात आणि तेही चुंबकीय असतात. मग चित्रात दिसणारा परिणाम नेमका कशाचा, हे वेगळे काढावे लागते.

२०१० साली एक दिलासादायक शोध लागला. आपल्या रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींत जे विकर जंतूंना मारते, ते एकपदरी नॅनोट्यूबचे तुकडेही हळूहळू पाडू शकते. कार्बन अमर नाही, शरीर त्याला पचवू शकते, असा त्याचा अर्थ लावला गेला. कार्बनपुरता तो बरोबरही आहे.

पण दोन अपेक्षा आता शेजारी ठेवून पाहाव्यात. पिंजरा कधीच मोडू नये, म्हणजे गॅडोलिनियम सुटणार नाही, ही पहिली अपेक्षा. पिंजरा शरीराने मोडावा, म्हणजे कार्बन साठून राहणार नाही, ही दुसरी. दोन्ही एकाच द्रव्याकडून एकाच वेळी पुऱ्या होणे कठीण आहे. यकृतात बसलेली नळी काही महिन्यांनी विरघळली, तर आत दडवलेला धातू तेव्हा बाहेर येईल, आणि त्या वेळी रुग्ण कोणत्याही डॉक्टरच्या देखरेखीखाली नसेल. मला हा या साऱ्या संशोधनाचा मध्यवर्ती पेच वाटतो. 'किती पट उजळ' हा आकडा शोधनिबंधाच्या मथळ्यात येतो. 'किती दिवसांत बाहेर, कोणत्या वाटेने, कोणत्या रूपात' याचे उत्तर शोधायला वर्षे लागतात, आणि ते मिळाले तरी बातमी होत नाही.

पेचातून सुटण्याच्या वाटा शोधल्या जात आहेत. एक वाट लहान होण्याची. कार्बन डॉट पाच नॅनोमीटरच्या खाली ठेवता येतात. २०१२ पासून त्यांत गॅडोलिनियम गुंफण्याचे प्रयोग झाले आहेत. असे कण लघवीवाटे जाऊ शकतात, त्यामुळे पिंजरा मोडण्याची गरजच उरत नाही. दुसरी वाट धातूच टाळण्याची. कार्बनच्या जाळीत मुद्दाम ठेवलेल्या उणिवांमुळे किंवा तिला फ्लोरीन जोडल्यामुळे तिलाच थोडे चुंबकत्व येते. २०१३ साली राइस विद्यापीठाशी संबंधित गटाने फ्लोरीनयुक्त ग्राफीन ऑक्साइड धातूशिवाय चित्र बदलू शकते असे दाखवले. यात विषारी धातू सुटण्याचा प्रश्न नाही, मात्र परिणाम गॅडोलिनियमच्या मानाने फिका.

दरम्यान जुनी वाटही थांबलेली नाही. २०२२ च्या सप्टेंबरात अमेरिकेत गॅडोपिक्लेनॉल हे औषध मंजूर झाले. तो लहान, कड्याच्या आकाराचाच रेणू आहे, फक्त त्यात पाण्यासाठी एकाऐवजी दोन जागा मोकळ्या ठेवूनही पकड घट्ट राखली आहे. त्यामुळे निम्मी मात्रा पुरते. कार्बनवाल्यांनी चाळीस पटींचे स्वप्न दाखवले, साध्या रसायनशास्त्राने दोन पटी मिळवल्या, पण त्या रुग्णापर्यंत पोहोचवल्या.

आपल्या शहरातून पाहताना

या शहरातल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात नॅनोपदार्थांवर बरीच वर्षे काम चालू आहे. एका बाजूला कार्बन नॅनोट्यूब आणि ग्राफीन वापरून हवेतले वायू व पाण्यातले जड धातू ओळखणारे संवेदक, म्हणजे सेन्सर, बनवण्याचे काम आहे. दुसऱ्या बाजूला फेराइट, म्हणजे लोहाची चुंबकीय संयुगे, यांच्या नॅनोकणांचे. एमआरआयच्या दृष्टीने हे दोन्ही ओळखीचे पदार्थ आहेत. लोहाच्या ऑक्साइडचे कण चित्र उजळवण्याऐवजी काळवंडवतात. यकृतातल्या गाठी पाहण्यासाठी अमेरिकेत १९९६ साली असे एक औषध मंजूरही झाले होते आणि पुढे ते बाजारातून गेले. तरी त्याचा एक गुण विसरण्यासारखा नाही. ते कण शरीरात विरघळले की त्यांतले लोह रक्ताच्या कामी येते. लोहाचे काय करायचे हे शरीराला माहीत आहे. गॅडोलिनियमसाठी त्याच्याकडे असा कोणताही रिवाज नाही.

संवेदकातली नॅनोट्यूब काचेच्या किंवा सिलिकॉनच्या चकतीवर बसून राहते. तिला फक्त एक प्रश्न विचारावा लागतो, ती नीट ओळखते का. तीच नॅनोट्यूब शिरेत सोडायची म्हटले की प्रश्न बदलतात, माणसे बदलतात, खर्च बदलतो. प्राण्यांवरच्या दीर्घ चाचण्या, मूत्रपिंड आणि यकृताचे तज्ज्ञ, औषधाच्या दर्जाने माल बनवणारा कारखाना, हे सगळे लागते. आणि निदानाच्या औषधाची कसोटी उपचाराच्या औषधाहून कडक असते. कर्करोगाच्या रुग्णाला औषधाचा त्रास सोसावा लागला तर बदल्यात आयुष्य मिळण्याची आशा असते. कॉन्ट्रास्ट मात्र ज्याला शेवटी काहीच झालेले नाही असे निघते त्यालाही दिला जातो. त्याच्या बाबतीत थोडाही त्रास समर्थनीय ठरत नाही. म्हणून तरुण संशोधकांना एवढेच सुचवावेसे वाटते की या विषयावर प्रबंध लिहिताना बाहेर पडण्याच्या वाटेचे प्रकरण शेवटी न ठेवता आधी ठेवावे. कोणता कण बनवायचा हे त्यावरून ठरू द्यावे.

तोवर रुग्णाच्या हाती जे आहे ते साधे आहे, आणि ते आजच करता येते. कॉन्ट्रास्ट लागणार असेल तर मूत्रपिंडाची क्रिएटिनिनची तपासणी झाली आहे का, ते पाहावे. मधुमेह किंवा रक्तदाब जुना असेल, डायलिसिस चालू असेल, गरोदरपण असेल किंवा आधी कधी कॉन्ट्रास्टची ॲलर्जी झाली असेल तर सुई टोचण्याआधी ते सांगावे. औषध कड्याच्या आकाराच्या रेणूचे आहे का, हे विचारावे. मधुमेही आणि डायलिसिसवरच्या माणसासाठी या प्रश्नाला विशेष वजन आहे. औषधाचे नाव, मात्रा आणि तारीख अहवालाच्या फाइलवर लिहून घ्यावी, कारण पुढच्या वेळी केंद्र दुसरे असेल आणि आधी किती वेळा दिले हे कोणाला आठवणार नाही. आणि डॉक्टरांनी गरज सांगितली असेल तर घाबरून कॉन्ट्रास्ट नाकारू नये. मेंदूतली गाठ क्षयाची आहे की कर्करोगाची, हे वेळेत न कळण्याचा धोका गॅडोलिनियमच्या धोक्याहून कितीतरी मोठा आहे.